चोचीतली अळी

१

गुरुवारी सकाळी न्याहारीला उतरताना मी नेहमीप्रमाणे रॉबिनला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला थांबलो, आणि रॉबिन जागेवर नव्हता.

ऐंशी उलटलेला माणूस लाकडी पाखराशी बोलतो म्हणून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं. पण हार्कॉम कोर्ट या आमच्या जुन्या वाड्याचा जिना ज्यानं एकदा पाहिलाय तो हसणार नाही. आमच्या हेरेफर्डशरमध्ये मोठी घरं कमी नाहीत. जुन्या वास्तूंचा सर्वेक्षक म्हणून मी जन्मभर ती मोजत हिंडलो. असा जिना मात्र दुसरा पाहिला नाही. कठड्याला साधे गज नाहीत. त्याऐवजी ओकच्या जाड फळ्या आरपार कोरून काढल्यात. त्यात पानं आहेत, नासपत्या आहेत, उकललेल्या शेंगा आहेत आणि शेंगांत दाणेसुद्धा आहेत. जिन्याच्या माथ्यावर काचेचा घुमट आहे. त्यातून ऊन उतरलं की पानं हलल्यासारखी वाटतात, आणि माझ्यासारख्या खडूस म्हाताऱ्याचीही बोलती बंद होते. कुणी कोरलं त्याचं नाव कुठंही नाही. मला विधुर झाल्यावर कुठल्यातरी वृद्धाश्रमात जायचंच होतं, तेव्हा मी या जिन्यासाठी हा निवडला.

वरच्या टप्प्यावर भिंतीच्या लाकडी पॅनेलमध्ये हा रॉबिन पक्षी बसलेला असे. मुठीत मावेल एवढा, मान खाली झुकवलेला, चोचीत अळी. ती कुणाला भरवायची होती कोण जाणे, खाली तर नुसतं पान होतं. आता त्या जागी खुंटीचं एक भोक तेवढं उरलं होतं.

मी मेट्रनना हाक मारली. रूथ ॲब्लेट म्हणजे आमच्या आश्रमाच्या मुख्य बाई, गडबड न करता दहा माणसांना कामाला लावणाऱ्या. त्या भोकाकडे पाहून त्या मटकन पायरीवरच बसल्या.

“मिस्टर मेबरी, विश्वस्त आधीच टपून बसलेत. पहिल्या दर्जाची संरक्षित वास्तू, खिळा मारायचा तरी परवानगी लागते. आणि इथं तर...” त्यांनी आवाज खाली आणला. “काल दुपारी ग्वेन इथं उभी होती. डागडुजीवाल्या डेन्झिलनं पाहिलं.”

ग्वेन प्रोसर ही आमची सेविका. हसरी, वेल्श हेल काढून बोलणारी पोर. सतरा वर्षांची असताना दुकानातून एक कोट उचलल्याबद्दल ती कोर्टाची पायरी चढली होती, आणि नोकरी धरताना तिनं ते स्वतःहून सांगितलं होतं. आता तेच तिच्या अंगाशी येणार होतं.

“मंगळवारी विश्वस्त येतील,” मेट्रन म्हणाल्या. “तोवर पाखरू मिळालं नाही तर पोलीस. चोरीचा ठपका बसला की या देशात कुठल्याच आश्रमात तिला कुणी उभं करणार नाही. आणि हे बघा, मागच्या विंगमध्ये यातलं अवाक्षर जाऊ देऊ नका. तिथले जीव आधीच नाजूक आहेत.”

मी भोकात करंगळी घातली. एकही कपची निघालेली नव्हती. पाखरू उपटलेलं नव्हतं, सरळ काढून नेलं होतं. आणि ते असं निघतं हे ठाऊक असणारी माणसं मीच तयार केली होती!

२

झालं होतं असं. मागे कधीतरी या जिन्याची डागडुजी माझ्याच देखरेखीखाली झाली. तुटून निखळलेले नक्षीचे तुकडे आम्ही सरस न लावता नुसत्या लाकडी खुंट्यांवर बसवले. पुढच्या पिढीला ते न मोडता काढता यावेत, हा आमच्या धंद्यातला रिवाज. गेल्या महिन्यात दिवाणखान्यात मी या विषयावर व्याख्यान दिलं. पाच मिनिटांत सभा घोरायला लागली. शेवटपर्यंत जागे राहिले ते चहा ओतणारी ग्वेन, पडदा धरून उभा असलेला आमचा डागडुजीवाला डेन्झिल, जुन्या वस्तूंचा लिलाव करण्यात हयात घालवलेला लायनेल ब्रॅडस्टॉक आणि फ्रूट केकसाठी थांबलेल्या आमच्या व्हिकर बाई, म्हणजे गावच्या चर्चच्या पाद्री, रेव्हरंड फिलिपा थॉर्न.

व्हिकर बाईंना मी लगेच वगळलं. धर्माचं माणूस, शिवाय बुधवारी संध्याकाळीच त्या कुठल्याशा मठात मौनात बसायला गेल्या होत्या. तिथं फोनही चालत नाही. सहा गावांची सहा चर्चं एकटीनं सांभाळणाऱ्या बाईला आठवडाभर तोंड मिटून बसावंसं वाटलं तर नवल नाही.

लायनेल सनरूममध्ये शब्दकोडं सोडवत बसला होता.

“ये, ये शेरलॉक,” तो म्हणाला. “माझ्या उशीखाली बघून ये. तिथं फक्त माझी कवळी आहे.”

“लायनेल, पाखराला गिऱ्हाईक मिळेल का रे?”

“जोडीनं असतं तर मिळालं असतं. एकट्या पाखराला कोण विचारतो? आणि मला चोरायचंच असतं तर मी नासपतीच परत ठेवली नसती.”

“कुठली नासपती?”

“तुझं लक्ष असतं कुठं? मधल्या टप्प्यावरची, भिंतीवरची. मागच्या आठवड्यापर्यंत तिचं देठ डावीकडे होतं, आता उजवीकडे आहे. कुणीतरी काढून पुन्हा बसवलीय. मला वाटलं, तूच तुझं ते मोजमाप करत असशील.”

मी तसाच उठलो. वाटेत डेन्झिल शिडी घेऊन उभा. गडी कमी बोलतो. तो गावच्या हौशी अग्निशमन पथकातही आहे, त्यामुळे पट्ट्याला सदा एक पेजर लटकत असतो.

“डेन्झिल, जिन्यावरचं आणखी काही हललं होतं का?”

“हललं होतं की. तळाच्या खांबावरचं लाकडी अननस. कचरा काढताना बघतो तर उलट्या तोंडानं बसलेलं. सरळ केलं मी. त्याच्याआधी दाराची ती मोठी लोखंडी किल्ली. भलत्याच खुंटीला लावलेली.”

“मग सांगायचं नाही?”

“परत आलेल्या वस्तूची तक्रार कोण करतो, मिस्टर मेबरी? आणि ग्वेनबद्दल म्हणाल तर मी फक्त ती उभी होती एवढंच सांगितलं. तिच्या हातात काही होतं असं मी म्हटलेलं नाही.”

“या वस्तू हलल्या तो वार कुठला?”

त्यानं डोकं खाजवलं. “कचऱ्याची गाडी येते तो. बुधवार.”

मधल्या टप्प्यावर मी नासपती अलगद खुंटीवरून काढली. डेन्झिल ब्रशनं पुढून धूळ झटकतो, मागे कुणाचाच हात जात नाही. शेजारच्या फळांची पाठ काजळीनं काळी होती. या नासपतीची पाठ मात्र लख्ख! कोपरान् कोपरा बोटांनी पुसून काढावा तशी. मी ती नाकाशी नेली. लॅव्हेंडरचा वास आला.

आश्रमात लॅव्हेंडरचं मलम एकच माणूस वापरत असे. रोज दुपारी मागच्या विंगमधल्या म्हाताऱ्यांच्या हातांना ते चोळायला ग्वेन जात असे.

३

ग्वेन कपड्यांच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होती. डोळे सुजलेले.

“तू नेलंस?” मी सरळच विचारलं.

“नाही.”

“जिन्यावर काय करत होतीस?”

“बघत होते. तुम्हीच म्हणाला होतात ना व्याख्यानात, की दुपारी तीनच्या उन्हात बघा. मला आवडतं ते.”

मला एकदम भरून आलं. माझं ऐकून कुणी काही बघितलं, असं फारसं घडत नाही.

“ग्वेन, पाखरू कुठं आहे ठाऊक आहे तुला?”

तिनं एक टॉवेल उलगडला, पुन्हा घातला. “जा बघू. तुमचा चहा गार होतोय.”

“अगं, नोकरी जाईल तुझी! पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही.”

“मला दुसरं काही येत नाही, मिस्टर मेबरी. हेच येतं, आणि हेच आवडतं.” तिनं घडी गठ्ठ्यावर ठेवली. “पण मी नेलं नाही. याच्यापुढे विचारू नका.”

चोर असं बोलत नाही. असं बोलणारा माणूस दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालत असतो. पण कुणाला?

डोकं शांत करायला मी मागच्या विंगमध्ये गेलो. ही पूर्वीची धोबीखोली. हार्कॉम कोर्टला लिफ्ट बसवता येत नाही, कायदाच आडवा येतो. त्यामुळे चालता येणारे वर, आणि अंथरुणाला खिळलेले या चुना फासलेल्या लांबट खोल्यांत. तिथं मिस टॅबिथा फॉदरगिल राहतात. जन्मांध. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून पलंगावर. मी त्यांना रोज पेपर वाचून दाखवतो, म्हणजे त्या माझ्या उच्चारांच्या चुका काढतात.

“आज तुझे पाय चिडलेत, एडविन,” त्या म्हणाल्या. क्वेकर पंथाच्या लोकांना मिस्टर-मिसेस चालत नाही. त्या विश्वस्तांनाही अरे-तुरे करतात.

“संधिवात,” मी थाप मारली.

“थापा मार. रविवारी तुमची प्रार्थना कशी झाली?”

“नेहमीसारखी. लायनेलनं वाइनचे दोन घोट घेतले.”

त्या खुदकन हसल्या. “म्हणून आम्हा क्वेकरांना ती भानगडच नको. ना पाद्री, ना पाव, ना वाइन. गप्प बसायचं, एवढाच आमचा धर्म.”

बोलताना त्यांचा डावा हात रजईखाली सारखा हलत होता. मला वाटलं, थंडी वाजतेय. मी रजई सारखी करायला गेलो, तर त्यांनी ती घट्ट धरली.

तेवढ्यात मेट्रन डोकावल्या. “मिस टॅबिथा, व्हिकर बाईंचा निरोप होता, विसरलेच मी. बुधवारी त्या परतल्या की आधी तुमच्याकडेच येणार. नेहमीसारखी कम्युनियनची, पाव-वाइनची पेटी घेऊन.”

मेट्रन गेल्या. मी पेपर उचलला, दोन ओळी वाचल्या आणि पेपर मिटला. जिला पाव नको आणि वाइन नको, तिच्याकडे दर बुधवारी प्रसादाची पेटी कशासाठी येते?

४

मी बाहेर पडलो आणि थेट मुख्य दारापाशी जाऊन उभा राहिलो.

आपल्या व्हिकर बाईंच्या हातातली ती काळी पेटी सगळ्यांच्या ओळखीची. अंथरुणावरच्या माणसाला पाव-वाइन द्यायला त्या ती घेऊन जातात. तिला कोण उघडायला सांगणार? मीच नव्हतं का त्यांना ‘धर्माचं माणूस’ म्हणून यादीतून उडवलं? अननस त्या पेटीत मावतं, नासपती मावते, रॉबिन तर सहज. आणि व्याख्यानात सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले होते.

पण का? मी दारापासून चालायला लागलो. आधी किल्ली. मग जिन्याच्या तळाचं अननस. मग मधल्या टप्प्यावरची नासपती. मग वरचा रॉबिन. किमतीच्या हिशेबानं यात काही अर्थ नव्हता. पण पायांच्या हिशेबानं? कुणीतरी दारातून आत येऊन जिना चढत होतं. एका बुधवारी थोडं, पुढच्या बुधवारी आणखी थोडं.

घुमटातून दुपारचं ऊन उतरलं होतं. तिरप्या उजेडात भिंतीच्या लाकडावर ती चकचकीत रेघ दिसली. ती मला जुनीच माहीत होती. माझ्या कमरेखाली, तळापासून माथ्यापर्यंत सलग गेलेली, गुळगुळीत. महायुद्धात लंडनहून एक शाळा इथं हलवली होती, त्या पोरांची दप्तरं घासून ती पडली असावी अशी माझी समजूत होती.

मी मोडक्या गुडघ्यांनी खाली वाकलो आणि डोळे मिटून त्या रेघेवर तळवा ठेवला. दप्तर एका जागी घासतं, दुसऱ्या जागी सुटतं. ही रेघ कुठंच सुटत नव्हती. वळणावर वळत होती. नासपतीपाशी खळगा, रॉबिनच्या पॅनेलपाशी खळगा. थांबून थांबून, रोज, कित्येक छोट्या हातांनी केलेला खळगा.

दप्तरं कसली! ते हात होते. ती पोरं हा जिना बघत नव्हती, वाचत होती. एवढी वर्षं मी जिन्याकडे मान वर करून बघत आलो, आणि ही गोष्ट माझ्या कमरेखाली लिहिलेली होती.

५

“रजईखाली काय आहे, टॅबिथा?” मी विचारलं. मेट्रन आणि ग्वेनला मी सोबत आणलं होतं.

टॅबिथाबाईंनी हात बाहेर काढला. लॅव्हेंडरचा वास येणाऱ्या मुठीत रॉबिन.

“फिलिपावर रागावू नका. मी तिला गळ घातली. आमची अंध मुलांची शाळा होती, एडविन. लंडनवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा आम्हाला इथं आणलं. मी लहान होते, रात्रंदिवस रडायचे. एका बाईंनी माझा हात धरून या जिन्यावर ठेवला. म्हणाल्या, वर जाताना काय काय भेटतं ते मला येऊन सांग. त्या दिवसापासून मी रडले नाही. म्हातारपणी मुद्दाम इथं आले. वाटलं, पुन्हा वर जाईन. तर दारातच हाड मोडलं. मी जिन्याकडे जाऊ शकत नाही, म्हणून फिलिपा त्याला तुकड्यातुकड्यानं माझ्याकडे आणायची, तासाभरानं परत नेऊन ठेवायची. याला मात्र मी सोडलं नाही. येत्या बुधवारी देईन म्हटलं.”

“आणि तुला हे ठाऊक होतं,” मेट्रन ग्वेनला म्हणाल्या.

“चादर बदलताना सापडलं,” ग्वेन पुटपुटली. “आणलं कुणी ते माहीत नव्हतं. म्हटलं, सांगितलं तर विश्वस्त यांना शहरातल्या नर्सिंग होममध्ये धाडतील.”

“काय सांगितलं तर? काय चाललंय?” टॅबिथाबाईंनी विचारलं. मग त्यांना सगळं सांगावं लागलं. “माझ्यापायी या पोरीनं चोरीचा आळ घेतला? इकडे ये, वेडे.” त्यांनी ग्वेनचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बोटांनी बघितला.

मी मेट्रनकडे वळलो. “वर न्यायचं यांना.”

“अहो, लिफ्ट नाही, खुर्ची ओढायला रूळ लावू देत नाहीत. पेशंटला जिन्यावरून उचलायला नियमच नाही. फक्त आग लागली तर...” मेट्रन बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी दारातून हाक मारली, “डेन्झिल! तुमच्या पथकाचा सराव आपल्याकडे कधीचा राहिलाय?”

मंगळवारी विश्वस्त आले तेव्हा दिवाणखान्यात घंटा वाजत होती आणि हेल्मेट घातलेले गावचे गडी एका खुर्चीत टॅबिथाबाईंना बसवून जिन्याच्या तळाशी उभे होते.

“हे काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“आगीचा सराव, सर,” मेट्रन म्हणाल्या. “तुमच्याच नियमावलीत आहे.”

“पण ते वर चाललेत!”

“खाली आणायचं तर आधी वर न्यायला नको?” लायनेल काठी टेकत म्हणाला. “साधी गोष्ट आहे.”

पथक हळूहळू चढत होतं. टॅबिथाबाईंचा उजवा हात भिंतीवरच्या रेघेतून चालला होता. अननसाला त्या हसल्या, नासपतीपाशी म्हणाल्या, “थांबा,” आणि सगळे थांबले. घुमटातलं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. ग्वेन एकेक पायरी शेजारून चढत होती. अध्यक्ष टोपी काढून उभे राहिले. मेट्रननी त्यांना पाखराची हकिगत तिथंच, हळू आवाजात सांगितली. शेवटी त्यांनी ग्वेनकडे बघून मान लववली. पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

वरच्या टप्प्यावर खुर्ची पॅनेलला टेकवली. टॅबिथाबाईंनी बोटांनी खुंटीचं भोक शोधलं आणि रॉबिनला अलगद त्यात बसवलं. मान खाली, चोचीत अळी.

“एवढी वर्षं मला एक कोडं पडलंय,” मी म्हणालो. “हा भरवतोय कुणाला? खाली तर नुसतं पान आहे.”

“अरे देवा! तू कधी बघितलंच नाहीस?” त्यांनी माझा हात धरला आणि माझं बोट त्या पानाच्या मागे, भिंतीच्या बाजूच्या फटीत नेलं. तिथं ना डोळा पोचत होता, ना टॉर्चचा उजेड. “आत. अजून आत. आता वर.”

बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. गोल विणलेलं, काड्यांचं. घरटं होतं ते. आणि त्याच्यात, तांदळाएवढ्या चोची वासून, पिल्लं बसली होती. कुणालाही कधीही दिसणार नाही अशा जागी, त्या नाव नसलेल्या माणसानं ती एकेक करून कोरली होती.

मला बोट काढवेना. ग्वेननं विचारलं, “काय आहे, मिस्टर मेबरी?” मी बाजूला सरलो आणि तिचा हात धरून पानामागे नेला.